एका मिथाइल गटाचा माग

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा लायगो-इंडियासाठी निवडली गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी मोजणार आहे. अशा मोजमापात एकट्या यंत्राच्या शब्दावर कुणी जात नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली ती अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या, परस्परांपासून तीन हजार किलोमीटर लांब असलेल्या दोन यंत्रांनी, काही मिलिसेकंदांच्या फरकाने. म्हणूनच ती खरी मानली गेली.

जीवरसायनशास्त्राच्या एका कोपऱ्यात हीच शिस्त रोजच्या कामात लागते. तिथे मोजायची वस्तू म्हणजे मिथाइल गट: एक कार्बन, तीन हायड्रोजन. पेशी आपल्या जनुकांची आरएनएच्या रूपात नक्कल काढते आणि त्या नकलेवर जागोजागी रासायनिक बदल करते. असे दीडशेहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. अॅडेनोसिनच्या एका ठरावीक जागी मिथाइल गट चढला की त्याला एम६ए म्हणतात. नक्कल किती काळ टिकणार आणि तिच्यावरून प्रथिन किती बनणार, यावर त्याचा परिणाम होतो.

एवढ्याशा बदलाने किती फरक पडावा? जिवाणूंच्या एका वाहक आरएनएत सायटिडिनला लायसिनची जोड मिळून लायसिडिन तयार होतं. जोड नसेल तर तो आरएनए मिथिओनिन या अमिनो आम्लाचा संकेत वाचतो. जोड मिळाली की आयसोल्युसिनचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कैलास सोनवणे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बदललेल्या घटकांची अवकाशातली ठेवण संगणकाच्या मदतीने अभ्यासली आहे.

शेतीशीही या विषयाचा थेट संबंध आहे. एम६ए पुसून टाकणारं एफटीओ हे माणसातलं प्रथिन. २०२१ मध्ये शिकागो आणि चीनमधल्या संशोधकांनी त्याचं जनुक भात आणि बटाट्यात घातलं, तेव्हा शेतातल्या चाचण्यांत उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी नोंदवलं. बटाटा हे जमिनीखाली वाढणारं खोड, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळदही तशीच. हळदीत एम६ए किती आणि कुठे, हा प्रश्न हिंगोलीच्या मातीतला आहे.

पण हळद सहजासहजी आरएनए देत नाही. ओल्या गड्ड्यात स्टार्च ठासून भरलेला, शिवाय करक्युमिन आणि त्याच्या जातकुळीतली फिनॉलिक द्रव्यं. नेहमीच्या किटने काढायला गेलं तर नळीत चिकट, पिवळट-तपकिरी लगदा उरतो. म्हणून गड्डा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पूड करायची, ती वितळू न देता गरम सीटॅब द्रावणात टाकायची, फिनॉलिक द्रव्यं धरून ठेवायला पीव्हीपी घालायचं आणि शेवटी लिथियम क्लोराइडने आरएनए रात्रभर थंडीत खाली बसवायचा. माणसाच्या कातडीवरही आरएनए तोडणारी विकरं असतात, म्हणून हातमोजे सतत बदलत राहायचे. हात बसलेला माणूस पूड द्रावणात पडताक्षणी तिचा रंग पाहतो. ती तपकिरी झाली, की नमुना बिघडल्याचं त्याला तिथेच कळतं.

१९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधल्या एका वाहक आरएनएची ७७ घटकांची साखळी वाचली. एक ग्रॅम शुद्ध नमुन्यासाठी त्यांना १४० किलो यीस्ट लागलं होतं. आज काही मायक्रोग्रॅम पुरतात. अडचण आता वेगळीच आहे: सिक्वेन्सिंगसाठी आरएनएची डीएनए प्रत काढली जाते आणि त्या प्रतीत एम६ए साध्या अॅडेनोसिनसारखाच उतरतो. खूण हरवते. तिला दिसायला भाग पाडणं, हीच या कामातली कारागिरी.

पहिला मार्ग वजनाचा. विकरांनी आरएनएचे सुटे घटक करायचे, ते स्तंभातून वेगळे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. अॅडेनोसिनचा आयन २६८ वर दिसतो, एम६एचा २८२ वर. समस्थानिक घातलेलं प्रमाणित द्रव्य सोबत असलं की प्रमाण नेमकं मिळतं. मात्र मिथाइल गट दुसऱ्या जागी असलेल्या एम१ए नावाच्या भावंडाचंही वजन तेवढंच. स्तंभातून दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात खरे, पण अल्कधर्मी द्रावणात नमुना गरम झाला तर एम१एचा मिथाइल गट जागा बदलतो आणि एम६ए आयता तयार होतो. शिवाय रायबोसोमच्या आरएनएतही एम६ए असतो. तो नीट वेगळा काढला नसेल, तर येणारा आकडा जनुकांच्या नकलेचा, म्हणजे संदेशवाहक आरएनएचा, राहत नाही.

वजन ‘किती’ सांगतं, ‘कुठे’ सांगत नाही. त्यासाठी २०१२ मध्ये प्रतिपिंडांची पद्धत आली. आरएनएचे शंभरेक घटकांचे तुकडे करायचे, एम६ए ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने हवे ते वेचायचे आणि वाचायचे. क्षेत्र झपाट्याने फोफावलं ते या पद्धतीमुळे.

तिची मर्यादा एम१एने दाखवून दिली. २०१६ मध्ये प्रतिपिंडाच्या आधारे हजारो संदेशवाहक आरएनएंवर एम१ए असल्याचं प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने एकेका घटकापर्यंत जाणारी तपासणी केली, तेव्हा अशा जागा मोजक्याच निघाल्या. २०१९ मध्ये कारण उघड झालं: तो प्रतिपिंड संदेशवाहक आरएनएच्या टोकावरच्या टोपीलाही चिकटत होता. पहिल्या गटाची आकडेमोड चुकली नव्हती. त्यांचं वेचणारं साधन दोन वस्तूंत फरक करत नव्हतं.

आता ग्लोरी नावाची पद्धत प्रतिपिंड बाजूला ठेवते. ग्लायऑक्झल आणि नायट्राइट यांच्या अभिक्रियेने साधा अॅडेनोसिन इनोसिन होतो आणि वाचताना जी (ग्वानोसिन) म्हणून दिसतो. मिथाइल असलेला अॅडेनोसिन (ए) तसाच राहतो. जागा कळते, आणि त्या जागेवर शंभरातल्या किती रेणूंवर मिथाइल आहे तेही कळतं.

वसमतच्या हळदीवर हे काम करायचं तर एकाच गड्ड्याच्या आरएनएचे दोन भाग करावेत: एक वजनासाठी, एक ग्लोरीसाठी. ग्लोरीने दाखवलेल्या सगळ्या जागांची बेरीज मास स्पेक्ट्रोमीटरच्या प्रमाणाशी जुळते का, ते पाहावं. जुळली नाही तर रायबोसोमची भेसळ आणि अर्धवट राहिलेली अभिक्रिया हे दोन संशयित आधी तपासावेत. जुळली, की मग गादीवाफ्यावर पाण्याचा ताण दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांमधल्या एम६एची तुलना सुरू करता येते.