एकट्याचे छप्पर

पावसाळ्यात घराबाहेर पडावयाचे तर देवदर्शन, धबधबा किंवा निदान एखादा डोंगरी किल्ला तरी निमित्तास हवा, अशी आपल्याकडील समजूत आहे. गेल्या आषाढात आम्ही नावड्यास गेलो, तेव्हा ह्यांपैकी एकही निमित्त आमच्यापाशी नव्हते. आमचे निमित्त होते एक तंबू.

आमचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीस आहे. त्या मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक बर्फास भोक पाडून त्यातून गळ सोडून बसतात. स्वच्छ बर्फाचा थर निदान 4 इंच जाड असल्याखेरीज त्यावर पायी जाऊ नये, असे तेथील सरकारी खाते बजावते. वारा असा बोचरा, की आडोशावाचून तासभर बसणे कठीण. म्हणून एकट्याने पाठीवर किंवा घसरगाडीवर न्यावयाचे हलके तंबू तेथे विकत मिळतात. छत्रीसारख्या काड्या बाहेर ओढल्या, की चार भिंती ताणून उभ्या राहतात. तळ नसतो, कारण खाली बर्फातील भोक हवे. वाऱ्याने उडू नये म्हणून मळसूत्री खिळे बर्फात पिळून बसवितात. आमच्या पुतण्याने असा एक तंबू बरोबर आणला होता आणि तो आपल्या पावसात खाडीकाठी वापरून पाहण्याचा त्याचा हट्ट होता.

रात्री पानावर बसल्यावर घरात ह्याच विषयावर वाद रंगला. आमच्या घरात मासे शिजत नाहीत; पण मत देण्यास कोणासच अडचण पडली नाही. वहिनींचे म्हणणे, चांगली मोठी छत्री पुरे. धाकट्या बंधूंनी घोंगडीच्या खोळीची तरफदारी केली. घोंगडी भिजली तरी ऊब सोडीत नाही, हा त्यांचा मुद्दा. आमच्या मातुःश्रींनी मात्र सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी एवढेच म्हटले, "अरे, आमच्या माहेरी इरले होते. त्याच्याहून हलके घर मी पाहिले नाही."

दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य द्वितीयेस, आम्ही दोघे निघालो. दिवा–पनवेल लोहमार्गावर नावडे रोड नावाचे स्थानक आहे. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याचे हे गाव. 1970 साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली आणि 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा नावडेही तिच्या हद्दीत आले. एका अंगास तळोज्याचे कारखाने, दुसऱ्या अंगास उंच इमारती आणि मध्येच जुने गाव, अशी येथील रचना आहे. फाट्यावर मालमोटारींची अखंड रीघ असते. परंतु वस्ती मागे टाकून खाडीच्या अंगास वळले, की तिवरांची दाट हिरवी रांग लागते, चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारताना दिसतात, आणि कोकण अद्यापि येथून गेलेले नाही, अशी मनाची खात्री पटते.

खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या एका जुन्या बांधावर आम्ही छत्री उघडून बसलो. पुतण्या खाली उतरला आणि पन्नासेक पावलांवर, ओहळाच्या तोंडाशी त्याने आपला तंबू उभारला. उभारण्यास खरोखरच चार मिनिटे लागली नाहीत. मळसूत्री खिळे मात्र आमच्या चिखलाने मानले नाहीत. लोण्यात सुई जावी तसे आत जात आणि तसेच बाहेर येत. अखेरीस त्याने दोऱ्या तिवरांच्या बुंध्यांस बांधल्या, आत शिरून दार ओढून घेतले आणि गळ सोडला.

आमच्यापासून थोड्या अंतरावर बांधावरच एक कासवाची पाठ दिसत होती. निरखून पाहता ते इरले होते, आणि त्याखाली एक वृद्ध आगरी गृहस्थ गळ धरून बसले होते. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणावयाची, तीवर पळसासारखी रुंद पाने दाट पसरावयाची आणि वरून दुसरी जाळी दाबून बांधावयाची, अशी इरल्याची घडण. आकार उपड्या होडीच्या अर्ध्या भागासारखा. डोके, पाठ आणि कंबर झाकली जाते, पुढचा भाग उघडा राहतो. भाताची लावणी करणारी बाई वाकली, की इरले तिच्या पाठीवर आपोआप नीट बसते व दोन्ही हात मोकळे राहतात. कोकणातील शेतात शतावधी पावसाळे ह्या एका युक्तीवर निघाले आहेत.

साडेअकराच्या सुमारास पाऊस झोडपू लागला. नैर्ऋत्येच्या एका झोताने आमची छत्री उलटी झाली व तिच्या दोन काड्या मोडल्या. वृद्ध गृहस्थ मात्र जागेवरून हलले नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून ते बसले होते, त्यामुळे झोत इरल्यावरून घसरून जात होता. तंबूच्या भिंती शिडासारख्या फुगत होत्या आणि दोऱ्यांनी तिवरे हलत होती.

इतक्यात ते एकदम उठले. इरले डोक्यावरच होते. उठण्यास त्यांना काहीच आवरावे लागले नाही. "पोराला हाक मारा, पानी मागून येतंय," असे ते आम्हांस म्हणाले. आम्ही समोर पाहत होतो. तेथे तर चिखल दिसत होता. पण भरतीचे पाणी नेहमी समोरून येत नाही. ते आधी सखल ओहळांनी आत शिरते आणि मध्ये बसलेल्या माणसाची परतीची वाट मागच्या मागे तोडते. आम्ही हाका मारल्या. पावसाच्या कापडावरील ताशात आमचा आवाज त्या मुलाच्या कानी पोचेना, आणि दारे-खिडक्या बंद असल्यामुळे त्याला पाणीही दिसेना. आमच्या पोटात गोळा उभा राहिला. वयाचे भान न ठेवता आम्ही खाली उतरू लागलो. पण आमच्या आधी तो वृद्ध मनुष्य पोटरीभर पाण्यातून जाऊन तंबूवर थापा मारीत होता.

मुलगा बाहेर आला तेव्हा बांधाकडील ओहळात पाणी गुडघ्यावर होते. तंबू मिटवावयास तो वळला. म्हाताऱ्यांनी त्याचे मनगट धरले व एक शब्द न बोलता त्याला बांधावर आणले. पाऊण तासाने तेथे छातीइतके पाणी होते. तंबू दोन तिवरांमध्ये आडवा पडून डुलत होता. ओहोटीस तो मिळाला. एक काडी तेवढी गेली.

पाऊस ओसरल्यावर आमचे बोलणे झाले. "आज दुज. दीडला भरती. तुमास्नी कोनी सांगितलं नाय?" असे त्यांनी विचारले. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा: द्वितीयेस दीड, अष्टमीस सहा. खाडीत आत येता येता पाणी आणखी थोडे उशिरा चढते. आणि पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवशी उधाण मोठे असते. पंचांग आमच्या घरी भिंतीवर टांगलेले आहे. वद्य द्वितीया म्हणून आम्ही ते सकाळी पाहिलेही होते. विद्या घरात असून अंगी नसावी, ह्याची आम्हांस लाज वाटली.

त्या दिवशी तिन्ही निवारे एकाच पावसात पारखून झाले, म्हणून आमचे मत येथे नमूद करितो. एकट्या माणसाच्या छपराचा हलकेपणा केवळ तराजूवर पाहू नये. पुतण्याचा तंबू सात-आठ किलोंचा, म्हणजे वाहण्यास हलकाच. परंतु सोडून उठण्यास तो जड ठरला. पहिली कसोटी ही, की बसल्या जागेवरून एका झटक्यात त्यासह उठता यावे. दुसरी, कान व डोळे उघडे राहावेत; एकट्याच्या मदतीस दुसरे कोणी नसते. तिसरी, वाऱ्याशी त्याने झुंजू नये, वाऱ्यास वाट द्यावी. छत्री एक हात अडविते आणि वाऱ्यापुढे हरते. घोंगडी ऊब देते खरी, पण भिजल्यावर पाण्याचे ओझे अंगावर घालते. बंद तंबूत आणखी एक भय आहे. पुतण्याच्या पिशवीत चहासाठी लहानसा स्टोव्ह होता. कोंडलेल्या जागेत शेगडी वा स्टोव्ह पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचू शकतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. बर्फावरील तंबूंतही झरोका उघडा ठेवा, असे म्हणूनच बजावलेले असते. आणि आभाळात वीज असेल, तर इरले, छत्री, तंबू ह्यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. उघडा बांध सोडून पक्क्या घरात जावे.

निघताना पुतण्याने इरले हातात घेऊन पाहिले व असे कोठे मिळेल, म्हणून विचारले. म्हातारे हसले. करणारे हात आता थोडे उरले, असे ते म्हणाले. त्यांच्या इरल्यातही पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद होता. टोपलीत एक चिंबोरी आणि चार निवट्या होत्या. पूर्वी येथे जिताडा लागत असे, असे त्यांनी सांगितले आणि तळोज्याच्या दिशेस नुसती मान वळविली. तिकडून कासाडी नदी येते. 2017 सालच्या ऑगस्टात त्याच परिसरात निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली होती; कारखान्याचा रंग त्यांच्या अंगास लागला होता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास तो कारखाना बंद करावयास लावावा लागला होता. कासाडीच्या पाण्याविषयी मच्छीमारांचे गाऱ्हाणे पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. पावसाला अडविणारे छप्पर बांबूचे करता येते. पाण्यातून येणाऱ्या विषाला अडविणारे छप्पर त्या म्हाताऱ्यांस कोण विणून देणार?

घरी आल्यावर आम्ही घडलेली हकीकत जराही न लपविता सांगितली. मातुःश्रींनी प्रथम पुतण्याच्या अंगावरून मीठ-मोहऱ्या उतरविल्या. इरल्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. तंबू दुरुस्त करून पुतण्या परत घेऊन गेला. तेथील बर्फावर त्याचा उपयोग आहेच. जाताना मात्र त्याने आपल्या टिपणवहीत दोन ओळी लिहून घेतल्या. एक तिथीची पाऊणपट. आणि दुसरी, दाराची एक बाजू नेहमी उघडी ठेवावी.