बारा शाळांची यादी

न्यूयॉर्कमध्ये सरकारी हायस्कूल घराच्या पत्त्यावरून ठरतंच असं नाही. आमच्या वेळी आठवीतल्या मुलाने शहरभरातल्या बारापर्यंत शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या असत. आमच्या एल्महर्स्टमधल्या देशी घरांत मात्र या यादीपेक्षा एसएचएसएटीचीच चर्चा जास्त. तीन तासांची एक परीक्षा, आणि स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेकसह आठ शाळांचे दरवाजे तिच्या गुणांवर.

लेकीची तयारी चांगली होती. पण 2019चा आकडा वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. स्टायव्हेसंटने 895 मुलांना प्रवेश देऊ केला, त्यात कृष्णवर्णीय फक्त 7. शहराच्या सरकारी शाळांत तेव्हा दर चार मुलांमागे साधारण एक कृष्णवर्णीय होतं! तेव्हाचे महापौर डी ब्लासिओ यांनी 2018 मध्ये परीक्षाच काढून टाकायचं ठरवलं, पण ती 1971च्या राज्य कायद्यात बसलेली, प्रस्ताव बारगळला. विरोधात आमचे आशियाई शेजारी पुढे होते. टॅक्सी चालवून क्लासची फी भरणाऱ्या बापाला हा एकच दरवाजा वशिल्याविना उघडतो असं वाटतं, आणि ते मला कळतं. तरी सात हा आकडा मला मान्य होत नाही.

म्हणून आम्ही दोघी जवळची न्यूटाउन हायस्कूल बघायला गेलो. 1897ची शाळा, वर उंच मनोरा. जिन्यावर स्पॅनिश, बांगला, नेपाळी एकदम कानावर पडत होतं. एक मुलगी शेजारणीला बीजगणित स्पॅनिशमधून समजावत होती. लेक तिथेच रेंगाळली. शेजारच्या मुलासाठी लाँग आयलंड सिटीतली इंटरनॅशनल हायस्कूलही पाहिली. 1985 मध्ये सुरू झालेली ही शाळा नुकत्याच देशात आलेल्या मुलांसाठीच आहे. ढाक्याहून आलेल्या त्या मुलाला इंग्रजी अडत होतं, गणित नव्हे. तिथे त्याला कुणी मागे बसवलं नसतं.

लेकीने परीक्षाही दिली आणि यादीत न्यूटाउन पहिली लिहिली. 'पहिला नंबर असा वाया घालवू नका,' असं बिल्डिंगमधल्या काकू कळवळून म्हणाल्या. परीक्षेचा प्रवेश या यादीहून वेगळा चालतो, हे मी त्यांना समजावलं. यादीची पद्धत ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003च्या सुमारास आखली ती अशी, की मनातली शाळा पहिली लिहिल्याने पुढच्या शाळांतली संधी कमी होत नाही. काकूंची नात आता सातवीत आहे. त्यांनी वही आणली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.