खाऱ्या विहिरींचे गाव

दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाकडे गावाकडचे पाहुणे आले, की त्यांना काय दाखवावयाचे याचा एक क्रम ठरून गेलेला आहे. लाल किल्ला, कुतुबमिनार, मग आग्रा. आणि इतिहासाचे वेड असलेला कोणी निघालाच, तर पानिपत. गुरुग्रामपासून सुमारे वीस किलोमीटरांवरचे फर्रुखनगर या क्रमात बसत नाही. तेथे मराठ्यांनी मिरवावा असा विजय नाही आणि उराशी धरावा असा पराभवही नाही.

नावापुरता एक धागा मात्र आहे. १७१९ मध्ये सय्यद हुसेन अलीबरोबर बाळाजी विश्वनाथ पेशवे फौजेनिशी दिल्लीस गेले, त्याच वेळी फर्रुखसियर बादशहा पदच्युत झाला आणि पुढे मारला गेला. त्या दुर्दैवी बादशहाचे नाव फौजदार खानाने १७३२ मध्ये वसविलेल्या या गावाला मिळाले. मृत राजाच्या नावाने गाव वसविणे ही निष्ठा म्हणावी की नुसता रिवाज, हे ठरविणे कठीण आहे.

गाव अष्टकोनी आखलेले. गल्ल्यांच्या दाटीत नव्या पाहुण्याला ती आखणी उमगत नाही. दिल्ली दरवाजा आणि झज्जर दरवाजा पाहिल्यावर थोडी ध्यानात येते. शीशमहाल दुमजली आहे; ज्या आरशांवरून त्याला नाव मिळाले, त्यांच्यापेक्षा तेथे दगडच अधिक बोलतो. येथला नवाब अहमद अली खान १८५७ च्या उठावात बादशहाच्या बाजूने उभा राहिला आणि जानेवारी १८५८ मध्ये चांदणी चौकात फासावर गेला. खाल्ल्या मिठाला जागणे हा वाक्प्रचार त्याच्यासंबंधी वापरताना मन थबकते, कारण या गावाने खरोखरच मीठ खाल्ले होते, आणि ते कोणा धन्याचे नव्हते, स्वतःच्या जमिनीचे होते.

मिठागर म्हटले की मराठी मनासमोर समुद्र उभा राहतो: उरण, पेण, भाईंदर, भरतीचे पाणी आणि आगरी माणसाचे उन्हात रापलेले पाय. समुद्रापासून शेकडो कोस दूर, बाजरी आणि मोहरीच्या रानात मीठ पिकावे, ही कल्पनाच त्याला चमत्कारिक वाटते. पण या भागात भूमिगत पाणीच खारे. ते विहिरींतून उपसून उथळ वाफ्यांत सोडायचे, उन्हाने आटवायचे आणि उरलेले मीठ गोळा करायचे. जवळच्या सुलतानपूरच्या नावाने हे मीठ ओळखले जाई. गावातील हवेल्या, बाजार आणि बहुधा नवाबाचा डौलही त्याच वाफ्यांवर उभा होता.

१८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी मीटरगेज मार्ग झाला, आणि गढी हरसरूहून एक फाटा थेट फर्रुखनगरपर्यंत आणण्यात आला, तो या व्यापारासाठी. घात तेथेच झाला. इंग्रज सरकारने १८७० मध्ये जयपूर आणि जोधपूर या संस्थानांशी करार करून सांभर सरोवर हाती घेतले होते. आगगाडीने सांभरचे मीठ दूरदूरच्या बाजारांत पोहोचू लागले आणि सुलतानपुरी मिठाची मागणी ओसरत गेली. जो रूळ माल बाहेर नेण्यासाठी आला, त्याच्या जाळ्यानेच परका माल घरात आणला. मीठ गेले, फाटा राहिला.

प्रवाशांना सांगितल्या जाणाऱ्या स्थळांत शीशमहाल येतो, सेठाणीची छत्री येते, झज्जर दरवाजाजवळची घौस अली शाहची अष्टकोनी बावडी येते. (मराठी माणूस तिला बारव म्हणेल, आणि कमानींच्या सावलीत क्षणभर टेकेल.) खाऱ्या विहिरी येत नाहीत. आरसे जडविणाऱ्याची निदान कला म्हणून वाखाणणी होते. वाफ्यात उतरलेल्याला तेवढेही मिळत नाही. सुलतानपूरच्या सखल, खारवट भूमीला पक्ष्यांनी वाचविले: पीटर जॅक्सन यांनी इंदिरा गांधींकडे पाठपुरावा केला, अभयारण्य झाले, १९९१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ मध्ये रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यात तेथे दुर्बिणी घेऊन माणसे जमतात, आणि त्यांतील फार थोडी पुढे फर्रुखनगरपर्यंत जातात.

जातात त्यांना आता रस्त्याच्या दुतर्फा प्रचंड गोदामे दिसतात. शेते त्यांच्या मधून मधून उरली आहेत. त्यांत मोहरी असते, जव असतो. दोन्ही खारे पाणी सोसणारी पिके.