निळा थेंब



लेकीकडे हार्टफर्डला जाऊन आले त्याला आता दोन महिने होतील. नायगारा, न्यूयॉर्क वगैरेची वर्णनं तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा वाचली आहेत की त्यात माझी आणखी भर नको. आज लिहायचं आहे ते एका बोटभर बाटलीतल्या निळ्या द्रवाबद्दल.

आमच्या जावयांना दोन वर्षांपासून नेमबाजीचा छंद लागला आहे. रविवारी रेंजवर जायचं आणि कागदावरच्या चक्रांवर गोळ्या मारायच्या. त्यासाठी रीतसर परवाना काढून घेतलेलं पिस्तूल घरात आहे. मला ते आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण एका संध्याकाळी ते त्याची माशी बदलायला बसले, तेव्हा मी खुर्ची ओढून शेजारी बसले. माशी म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी असते ती खूण. शब्द आपला जुनाच आहे, जावयांना मात्र तो ऐकून फार गंमत वाटली.

आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री, एकदा डोळ्यांनी आणि एकदा करंगळीने चाचपून. मग वरचा सरकता भाग, स्लाइड, वेगळा काढला. माशी त्याला आतल्या बाजूने एका स्क्रूने धरलेली असते. स्क्रू केवढा, तर ज्वारीच्या दाण्याएवढा! प्रत्येक गोळीला स्लाइड झटक्याने मागे जाते आणि परत पुढे येते. स्क्रू कितीही पिळला तरी त्याच्या आट्यांमध्ये बारीक फट राहतेच. झटके बसत गेले की तो केसभर केसभर फिरतो आणि एक दिवस माशीच उडून जाते. म्हणून आट्यांना हे औषध लावायचं. इंग्रजीत त्याला थ्रेडलॉकर म्हणतात.

आधी स्क्रू आणि भोक दोन्ही अ‍ॅसिटोनने पुसून कोरडे केले, कारण तेलाचा अंश राहिला तर पकड नीट येत नाही. मग थेंब. एकच! जास्त झाला तर ओघळून आतल्या हलत्या भागांत जाऊन बसतो. नव्या माशीत लाल प्लास्टिकची काडी होती, तिलाही तो लागू द्यायचा नव्हता, कारण काही प्लास्टिकना या द्रवाने तडे जातात. (मालाडची वन्सं, चष्म्याचा स्क्रू सैल होतो म्हणून तुम्ही हे मागवाल, म्हणून मुद्दाम सांगते. भिंगं प्लास्टिकची असतात. चष्मेवाल्याकडेच जा!)

मी विचारलं, "बाटलीत घट्ट होत नाही तो स्क्रूत कसा होतो?" रसायनशास्त्र माझा विषय नव्हे, मी चाळीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पण उत्तर ऐकून हरखून गेले. आपला डिंक हवेत वाळतो. याचं उलटं. हवा आहे तोवर हा पातळ राहतो, आणि हवा तुटली व लोखंडासारखा धातू भेटला की आतल्या आत घट्ट होतो. म्हणून बाटली कधीही काठोकाठ भरत नाहीत. वर हवा ठेवतात, आणि बाटलीचं प्लास्टिकही हवा आत येऊ देणारं असतं. अर्धी बाटली पाहून दुकानदाराशी भांडायचं नाही!

इतिहासाची खोड जाते कुठे? शोधून पाहिलं तर हा शोध त्याच गावातला निघाला. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली कॉलेजच्या तळघरात हे काम केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. तिथे असा एक द्रव सापडला होता, पण तो पातळ ठेवायला त्यातून सारखी हवा सोडावी लागे. म्हणजे दुकानात विकणार कसा? ते कोडं वडिलांनी सोडवलं, आणि 'लॉकटाइट' हे नाव त्यांच्या सुनेने, नॅन्सीबाईंनी सुचवलं. प्राध्यापक तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपण या वयात गोळ्यांचे डबे भरत बसतो... असो. आणि सॅम्युअल कोल्टचा पिस्तुलांचा प्रसिद्ध कारखानाही हार्टफर्डचाच. त्याचा निळा कांद्यासारखा घुमट हमरस्त्यावरून दिसतो.

या औषधाचे रंग ठरलेले आहेत. जांभळा सर्वांत नरम, बारीक स्क्रूंसाठी. निळा मधला, हाती धरायच्या अवजारांनी उघडता येणारा. लाल कायमचा. तो सोडवायचा तर अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं, म्हणजे ती प्लास्टिकची काडी वितळलीच. जावयांनी निळा घेतला, कारण माशी पुन्हा कधीतरी बदलावी लागणार. स्क्रू बेताने आवळला, त्याच्या कडेवरून रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. वरचं पुसलं आणि चोवीस तास हात लावायचा नाही म्हणाले.

जो माणूस एका थेंबाचा एवढा विचार करतो त्याच्याशी बोलता येईल, असं मला वाटलं. म्हणून बोलले. आठ वर्षांची नात आदल्याच दिवशी जेवताना सांगत होती की शाळेत दिवे घालवून, दार लावून, कोपर्‍यात गुपचूप बसायचा सराव झाला. पाढे म्हणाव्या तसं सांगत होती. हार्टफर्डपासून तासाभरावर न्यूटाउन आहे. १४ डिसेंबर २०१२ ला तिथल्या सॅन्डी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ती बंदूक घरातलीच होती, आईच्या नावावरची. जन्मभर पहिली घंटा झाल्यावर वर्गाचं दार मी उघडंच ठेवत आले. त्या बाईंनी दार लावून मुलांना कुठे लपवायचं याचा विचार केला असेल, हे मला आजही वाचवत नाही.

मी विचारलं, "पेटीचा आकडा कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि तिला," लेकीकडे बघत ते म्हणाले. मुलं असलेल्या घरात पिस्तूल रिकामं असलं तरी कुलपात ठेवायचं, असा कनेटिकटचा कायदाच आहे, २०१९ पासून.

"नातीच्या वाढदिवसाची तारीख तर नाही ना तो आकडा?"

यावर जावई जरा थांबले. लेक हसायला लागली, मग तीही थांबली. "आई, बदलतो," ते म्हणाले. पिस्तूल घरी ठेवायचंच कशाला, हा माझा दुसरा प्रश्न होता. त्यावर मात्र आमचं जमलं नाही. त्यांची कारणं मी ऐकली, माझी त्यांनी ऐकली. फोनवर अजून चालू आहे.