वाचून, समजून

दस्तऐवजाच्या शेवटी ‘वाचून, समजून व स्वखुशीने’ असे शब्द बहुधा असतातच. ते इतके ठरावीक असतात की, वाचणाराची दृष्टी त्यांवरून जी घसरते ती थेट सहीच्या जागेवर जाऊन थांबते. आमचे वडील निवर्तल्यावर घर व थोडीबहुत जमीन आमच्या नावे करून घेण्याकरिता थोरल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचे ठरले. ठरले म्हणजे आम्ही ठरविले. नेमल्या दिवशी आक्का पहाटेच्या एस.टी.ने निघून निबंधकांच्या कचेरीत आली. कागद पुढे येताच तिने चष्म्यासाठी पिशवीत हात घातला आणि विचारले, “काय लिहिलंय रे यात?” आम्ही म्हणालो, “काही नाही, नेहमीचाच मजकूर. खुणा केल्यात तिथं सह्या कर.” पिशवीतला हात रिकामाच बाहेर आला, आणि तिने सह्या केल्या.

या गोष्टीस पुष्कळ वर्षे झाली. ती आम्ही विसरलो होतो, असे म्हटल्यास चालेल. परंतु गेल्या पावसाळ्यात सतराव्या शतकातील काही फ्रेंच संन्यासिनींची हकीकत आमच्या वाचनात आली, आणि तो रिकामा हात डोळ्यांपुढून हलेना.

शाळेत द्रवांच्या दाबाचा नियम शिकताना पास्कलचे नाव सर्वांच्याच कानांवरून जाते. त्या पास्कलची धाकटी बहीण जाकलिन ही पोर-रॉयल नावाच्या मठात संन्यासिनी होती. १६५१ साली त्यांचे वडील वारले. पुढल्याच वर्षी बंधूचा विरोध असताना ती मठात गेली. आणि १६५३ साली अखेरचे व्रत घेण्याच्या वेळी आपला वाटा मठास द्यावा असे तिने म्हणताच भाऊ व थोरली बहीण दोघेही रुष्ट झाली. ‘पैशावाचून ये, पण घरच्यांशी भांडू नकोस,’ असा सल्ला तीस मठातूनच मिळाला. शेवटी भावाचे मन द्रवले व त्याने वाटा दिला. एवढा थोर गणिती. पण बहिणीच्या हिश्श्याचा हिशेब त्यालाही प्रथम नीट जमला नाही, हे वाचून आम्हांस थोडे बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु ते समाधान फार वेळ टिकले नाही.

पोर-रॉयलचा मठ पॅरिसच्या नैर्ऋत्येस, शेव्रझच्या खोऱ्यात १२०४ साली स्थापन झाला. चारशे वर्षांनी तेथील शिस्त अगदी ढिली झाली होती. १६०२ साली आर्नो घराण्यातील अकरा वर्षांची एक मुलगी तेथे मठाध्यक्षा झाली. घरच्या वडीलधाऱ्यांनी रोमला पाठविलेल्या कागदांत तिचे वय वाढवून लिहिले होते. हीच मेर आँजेलिक. पुढे तिच्या मनाने उचल खाल्ली, आणि २५ सप्टेंबर १६०९ रोजी, अठराव्या वर्षी, तिने खुद्द आपल्या वडिलांस मठाच्या दारात अडविले व झरोक्यातूनच त्यांच्याशी बोलणे केले. नियमाप्रमाणे बाहेरच्यांस आत प्रवेश नाही, मग ते वडील का असेनात. त्या दिवसापासून मठाचा कायापालट झाला. खोट्या कागदाने मठात आलेल्या या बाईच्या मुलींवर पुढे एका कागदापायीच संकट ओढवावे, हा योग विलक्षण खरा.

ते संकट असे. इप्रचा बिशप यान्सेन याचा संत ऑगस्टिनवरील भलामोठा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, प्रसिद्ध झाला. ईश्वराची कृपा माणसास टाळता येते की नाही, ख्रिस्ताने सर्वांकरिता प्राण दिला की काय, असल्या प्रश्नांवरून मोठा वाद माजला. १६५३ साली दहाव्या इनोसंट पोपने पाच विधाने पाखंडी ठरविली. यान्सेनच्या पक्षाचे लोक म्हणाले, ‘ही विधाने पाखंडी आहेत हे मान्य, पण यान्सेनच्या ग्रंथात ती आहेत कोठे?’ त्यावर १६५६ साली सातव्या अलेक्झांडर पोपने जाहीर केले की, ती त्याच ग्रंथातील असून त्याच्याच अर्थाने निषिद्ध आहेत. पुढे फ्रान्समधील सर्व धर्मोपदेशकांनी, इतकेच नव्हे तर संन्यासिनींनीही, या अर्थाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. राजा चौदावा लुई या आग्रहाच्या पाठीशी होता.

येथे आँजेलिकचा भाऊ, पंडित आंत्वान आर्नो, याने पुढे केलेला भेद लक्षात घेण्याजोगा आहे. अमुक मत पाखंडी आहे, हा सिद्धान्त. आणि ते मत अमुक ग्रंथात आहे, ही वस्तुस्थिती. सिद्धान्ताच्या बाबतीत धर्मपीठाची आज्ञा शिरोधार्य. परंतु वस्तुस्थिती ही आज्ञेने घडत नसते. ती डोळ्यांनी पाहावी लागते. मठातील बायकांनी तो ग्रंथ वाचलेला नव्हता, आणि वाचून त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस आहे असे त्यांचे म्हणणेही नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की, जे आम्ही पाहिले नाही ते पाहिल्याप्रमाणे ईश्वराच्या साक्षीने कसे लिहून द्यावे? आम्ही याविषयी आदराने मौन पाळू. सही मात्र मागू नका.

१६६१च्या वसंतात मठातील विद्यार्थिनी व नवशिक्या उमेदवारिणी यांस बाहेर काढण्यात आले. जूनमध्ये प्रतिज्ञापत्र सौम्य प्रस्तावनेसह पुढे आले, आणि मठाच्या हितचिंतकांनीच ‘सही करून मोकळ्या व्हा’ असे सांगितले. जाकलिन तेव्हा खोऱ्यातील मठात उपप्रमुख होती. तिने एक जळजळीत पत्र लिहिले. बिशपांनी मुलींचे भित्रेपण पत्करले असेल, तर मुलींनी बिशपांचे धैर्य अंगी आणावे, असा त्यातील भावार्थ प्रसिद्धच आहे. अखेर इतर भगिनींबरोबर तिनेही सही केली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी ती वारली. छत्तीस वर्षे पुरी व्हावयास एकच दिवस उरला होता. त्या सहीनेच तिचा जीव घेतला, असे तिच्या स्नेह्यांस वाटत राहिले.

एवढ्याने प्रकरण मिटले नाही. १६६४ साली पॅरिसचा आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः मठात आला. तो दुष्ट मनुष्य नव्हता. तो समजावी, रागावी, पुन्हा समजावी. त्याने एक तोडही काढली: वस्तुस्थितीबद्दल ईश्वरी श्रद्धा नको, वरिष्ठांवरील मानवी श्रद्धा पुरे. म्हणजे आम्ही सांगतो म्हणून खरे माना. पुष्कळजणींस तेही खोटेच वाटले. या बायका देवदूतांसारख्या शुद्ध व सैतानासारख्या गर्विष्ठ आहेत, असे त्याचे उद्गार सांगतात. ऑगस्टमध्ये त्याने त्यांस संस्कारांचा लाभ बंद केला, आणि २६ तारखेस शिपाई व गाड्या घेऊन येऊन बारा जणींस निरनिराळ्या मठांत एकाकी ठेवण्याकरिता नेले.

त्यांतच आँजेलिकची पुतणी, आँजेलिक द सेंट-झां, होती. आपल्या बंदिवासाची हकीकत तिने लिहून ठेवली आहे. सर्व बाजूंनी एकटे पडल्यावर सहीविषयीच नव्हे, तर एकूण श्रद्धेविषयी व ईश्वराच्या योजनेविषयीच मनात शंका डोकावल्याचे ती लपवीत नाही. निग्रहाच्या कथांत असली कबुली विरळा. ही बाई दगडाची नव्हती. तिचा पाय डळमळत होता, आणि तरीही तिने सही केली नाही.

पुढल्या वर्षी सही न करणाऱ्या सर्वांस खोऱ्यातील मठात पहाऱ्यात एकत्र ठेवले. १६६९ साली नवव्या क्लेमेंट पोपच्या वेळी तडजोड होईपर्यंत त्यांस ख्रिस्तप्रसाद नव्हता, आणि मरणाऱ्या भगिनींस अंत्यसंस्कारांचा आधारही नव्हता. ज्या बाईने सर्वस्व या प्रसादाकरिता सोडले, तीस तोच नाकारणे म्हणजे काय, हे आपल्याकडे देवळाच्या पायरीवरून परतविलेल्यांस सांगावे लागणार नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जो तो आपल्या विवेकाकडे बोट दाखवू लागला तर धर्मसंस्थेचे ऐक्य टिकावे कसे, ही पेरेफिक्सची चिंता खोटी नव्हती. कित्येक भगिनींनी आज्ञापालनाचे व्रत स्मरून सही केली. त्या सर्वच भ्याड होत्या असे कोण म्हणेल? शिवाय पोर-रॉयलचा धर्म मोठा कडक, मानवी दुर्बलतेस फारसा थारा न देणारा. त्या भगिनींस आजच्या अर्थाने स्वातंत्र्यवादी ठरविणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. त्या बंड करीत नव्हत्या. आज्ञा त्यांस प्रिय होती. म्हणूनच, आज्ञेच्या नावाने खोटे लिहवून घेतले जावे, हे त्यांस सोसेना.

तडजोडीचा शेवट मात्र करुण झाला. १६७९पासून नव्या उमेदवारिणी घेण्यास बंदी झाली. मठ आपोआप विझावा हा हेतू. १७०५ साली रोमहून निर्णय आला की, आदरपूर्वक मौन पुरेसे नाही. २९ ऑक्टोबर १७०९ रोजी पॅरिसचा पोलीस अधिकारी दार्जांसाँ शिपायांसह आला, आणि उरलेल्या बावीस वृद्ध स्त्रियांस त्याने वेगवेगळ्या मठांत पांगविले. पुढे इमारती पाडल्या आणि दफनभूमीही उकरली. बावीस म्हाताऱ्यांच्या मौनाची राजास एवढी भीती का वाटावी?

मौनाचा हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१२च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनने अमेरिकेतील धर्मभगिनींच्या प्रमुखांच्या संघटनेविषयीचा आपला सैद्धान्तिक अहवाल प्रसिद्ध केला. तेथील सुमारे ऐंशी टक्के धर्मभगिनींचे पुढारीपण त्या वेळी या संघटनेकडे होते. त्या काय बोलल्या याबरोबरच, गर्भपातासारख्या विषयांवर त्या बोलल्या नाहीत, हाही एक आक्षेप त्यात होता. सिअॅटलचे आर्चबिशप सार्टन यांची देखरेखीस नेमणूक झाली. पण या वेळी गाड्या व शिपाई आले नाहीत. तीन वर्षे बोलणी चालली, आणि एप्रिल २०१५मध्ये संयुक्त निवेदनाने प्रकरण संपले. सुमारे साडेतीनशे वर्षांत एवढा तरी फरक पडला. समोरचीस वाचू द्यावे, विचारू द्यावे, आणि मग तिचे उत्तर ऐकावे, यात अधिकाराचे काही बुडत नाही, हे यावरून दिसते.

परंतु हे दूरच्या आर्चबिशपांस सांगणे सोपे आहे. आमच्या कचेरीतले पेरेफिक्स आम्हीच होतो. हिस्सा सोडावा की नाही, हा सिद्धान्ताचा भाग. आक्काने तो कदाचित आनंदानेही सोडला असता. पण ‘वाचून, समजून’ ही वस्तुस्थिती होती, आणि ती खोटी आहे हे त्या टेबलापाशी आम्हांस पुरते ठाऊक होते. ‘आम्ही सांगतो म्हणून खरे मान,’ एवढेच आम्ही तीस सांगितले होते.

यंदाच्या भाऊबिजेस जाताना आम्ही त्या पत्राची प्रत बरोबर नेली. ओवाळून झाल्यावर ती तिच्या हाती दिली, आणि म्हणालो, “आक्का, हे एकदा वाच. वाचून तुला काय वाटेल ते सांग. मग आपण काय करायचे ते पाहू.” तिने काही न बोलता चष्मा लावला. चारही पाने सावकाश वाचली. आम्ही समोर बसून होतो. शेवटच्या पानावर तिचे बोट एका ओळीखाली थांबले.

“हे मात्र खरं नव्हतं रे,” ती म्हणाली.

मग तिने कागद नीट घडी करून आपल्या पिशवीत ठेवला.