मॅक पत्ता

शनिवारी नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो. एका पतसंस्थेचा जुना फायरवॉल सर्व्हर काढून नवा बसवायचा, तासाभराचं काम. तिथल्या पोरानं विचारलं, "सर, जुन्या कार्डाचा मॅक लिहून ठेवू का?" म्हटलं, कशाला? आयपी तोच, नियम तेच.

नवा जोडला आणि इंटरनेट गायब! आतून फायरवॉल पिंग होतोय, बाहेरचं काही नाही. मी पोरावरच उखडलो, केबल दोनदा नव्याने क्रिंप करायला लावली. सोमवारी सोयाबीनचे पैसे काढायला लोक येणार, डोक्याला नुसता ताप.

शेवटी टीसीपीडंप लावला. गेटवे कुठाय, असं आमचं मशीन एआरपीनं सारखं विचारत होतं, उत्तर शून्य. मग ट्यूब पेटली. लोकल इंटरनेटवाले बऱ्याचदा कनेक्शन मॅक पत्त्याशी बांधून टाकतात. 48 बिटांचा तो नंबर कार्डासोबत येतो, आयपीसारखा सेटिंगमधून येत नाही. कार्ड बदललं की त्यांच्या लेखी तुम्ही परके!

त्यांचं ऑफिस बंद. अडगळीतलं जुनं मशीन पुन्हा चालू केलं, मॅक उतरवला, नव्या कार्डाला दिला (लिनक्समध्ये एका ओळीचं काम). पिंग सुरू!

पोराला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "चहा सांगू का सर?"