सतपुरुषाच्या गावाला, स्कूटरवरून

भाचा बालीहून परतला तो स्कूटरचंच कौतुक करत. भाड्याने स्कूटर घ्यायची, पाठीवर पिशवी टाकायची, रात्री कुणाच्या तरी घरातली स्वस्त खोली गाठायची. देवळं तर पावलोपावली. "आणि मामा, तिथे देवांचा नैवेद्य उंचावर ठेवतात, पण भुताखेतांचाही वेगळा असतो, खाली जमिनीवर. त्यांनाही उपाशी ठेवत नाहीत."

हे शेवटचं माझ्या डोक्यात अडकलं. एका गोऱ्या कर्नलच्या थडग्याला नैवेद्य दाखवणारं गाव आपल्याच जिल्ह्यात होतं, असं मी १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये कधीतरी वाचलं होतं. गाव शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी. बालीचं विमान मला परवडणारं नव्हतं, शिरूरचं पेट्रोल परवडत होतं.

नगर रस्त्यावर स्कूटर चालवायची म्हणजे कंटेनरच्या चाकांकडे न बघता डाव्या कडेने सरकत राहायचं. वाघोली संपता संपत नाही. भीमा कोरेगावचा जयस्तंभ पुलाच्या अलीकडे लागतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि या दगडाला नवा अर्थ मिळाला, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझं कुतूहल इथल्या लढाईच्या आदल्या रात्रीचं. बाजीरावाची फौज पुण्यावर येतेय अशी खबर लागल्यावर पुण्यातल्या इंग्रज फौजेच्या कर्नल बरने शिरूरहून कुमक मागवली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन तिथून निघाला. बरोबर पाचशेच्या आसपास पायदळ, अडीचशे स्वार, दोन तोफा. मी जो रस्ता भर उन्हात उलटा कापत होतो, तोच ती माणसं डिसेंबरच्या थंडीत रात्रभर पायी चालली, आणि सकाळी भीमेकाठी पोचली तर समोर पेशव्यांची अफाट फौज. दिवसभर पाण्यावाचून लढून ती पुन्हा शिरूरलाच परतली.

ही पलटण शिरूरला होती, त्याचं कारण खुद्द दुसरा बाजीराव. वसईच्या तहाने त्यानेच तैनाती फौज पत्करली आणि तिची छावणी घोडनदीच्या काठावर पडली. त्या तहाची तारीखही ३१ डिसेंबर, साल १८०२. स्वतःच्या सहीने आणलेलं सैन्य बरोब्बर पंधरा वर्षांनी त्याच तारखेला त्याच्यावर चालून निघालं. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर आपण ते ओढूनताणून आणलंय म्हणालो असतो.

रांजणगावच्या महागणपतीला बाहेरूनच हात जोडले. रांग पार्किंगपर्यंत आली होती.

शिरूरला मुक्काम एका लॉजवर. खोलीत पंखा होता, पण त्याचं बटण बाहेर व्हरांड्यात, आणि येणारा जाणारा ते सवयीने बंद करायचा. गादीबद्दल न बोललेलं बरं. सकाळी चहाच्या टपरीवर इंग्रजांच्या स्मशानभूमीचा पत्ता विचारला, तर चहावाल्याने हेल्मेटकडे, मग चेहऱ्याकडे पाहिलं. "प्लॉट बघायला आलाय का? तिकडं एनए नाही झालेलं."

तो गोरा कर्नल म्हणजे वॉलेस, तैनाती फौजेचा प्रमुख. १८०९ साली इथेच वारला. गॅझेटियर सांगतं की गावकरी त्याला 'सतपुरुष' म्हणतात, आणि सुगीला नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याच्या थडग्याला दाखवतात, ब्राह्मण आणि मारवाडी सोडून सगळे. मी त्याच्या थडग्याच्या दगडांपाशी ऊन चढेपर्यंत बसलो. दुपारी निघोजचे रांजणखळगे पाहायचे ठरले होते, ते राहून गेले.

इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन लावला. "साहेबांनी साहेबांची केलेली स्तुती आहे ती," ते म्हणाले. "रयत आपल्या पाया पडते हे लिहायला कुणाला नको असतं?"

"सर, नुसती स्तुतीच करायची असती तर 'सगळं गाव' लिहून मोकळे झाले असते. कोण पुजत नाही हेही नोंदवलंय. हे कुणाला तरी विचारून लिहिलेलं वाटतं."

"मग शेतकऱ्याने परक्या सेनापतीला देव का करावं?"

"चांगला होता म्हणून असेल, किंवा कोपेल म्हणून असेल. म्हसोबाला, वेताळाला आपण कुठे चारित्र्याचा दाखला मागतो?"

"तर्क आहे, पुरावा नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालो. भीमा ओलांडली की दौंड तालुका आणि दोन्ही बाजूंना ऊस. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायकामुलींना त्यांनी इथे आणलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करत १९२२ मध्ये इथेच देह ठेवला. त्यांच्यासाठी वेगळं यायला हवं, जाताजाता उरकण्यासारखं ते नाही.

पुढे दौंड, तिथून पेडगावचा बहादूरगड असा बेत होता. पण रस्त्यालगत गुऱ्हाळ पेटलं होतं आणि त्या वासापुढे मोगलांचा किल्ला टिकला नाही. चुलाणात चिपाडाचा जाळ, काहिलीत रस रटरटतोय, भेंडीचं चिकट पाणी पडताच काळी मळी वर येतेय आणि एक पोऱ्या ती झाऱ्याने ओढून काढतोय. पहिला गूळ वाफ्यात पडल्यावर गुळव्याने त्यातला खडा उचलला आणि चुलाणामागच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढे ठेवला.

"कोणता देव?" मी विचारलं.

"आहे आपला जुना. द्यावं लागतं."

मी लगेच सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "दगड कोणत्या साली बसवला ते विचार."

मी विचारलं. गुळव्याने फावडं हातात घेतलं आणि म्हणाला, "पावणं, जरा बाजूला व्हा, गूळ घोटायचाय."